अकनिसीने न केलेली सही

आमच्या बेटावरच्या सावुसावू गावात टेलिफोनांना अजून आकड्यांची तबकडी नव्हती, तेव्हा फोन उचलला की पलीकडून अकनिसीचा आवाज यायचा. "कोण हवंय?" एवढंच. कुणाचं कुणाशी जुळतंय, कुणाचा मुलगा सुवाला पोलीसचौकीत बसलाय, कुठल्या दुकानदाराची बायको माहेरून परत यायला तयार नाही, हे सगळं तिच्या कानावरून जायचं आणि तिथेच संपायचं. मी तेव्हा इथल्या शाळेत शिकवत होतो. एकदा पोस्टाच्या खिडकीशी मी तिला सहज म्हणालो, "हनीफभाईचं लग्न लंबासात ठरलं म्हणे?"

ती हसली. "मास्टर, मी तारा जोडते. त्यातून जे जातं ते माझं नसतं."

हसतच बोलली, पण पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

ती मूळची दूरच्या कंदावू बेटावरची. लग्न होऊन इकडे आली ती नवऱ्याच्या गावी, खाडीच्या पार टोकाला. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा समुद्र खवळलेला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत ती होडीतच बाळंत झाली आणि मूल राहिलं नाही. पुढे दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, एक ऑकलंडला गेली, एक सुवाला. नवरा खोबऱ्याच्या गिरणीत कामाला होता, तोही गेला. त्या होडीबद्दल ती कधी बोलली नाही. मात्र नोकरी संपली त्याच वर्षी तिने आपल्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, चार गाद्या आणि मच्छरदाण्या आणल्या आणि दवाखान्यातल्या सिस्टरला जाऊन सांगितलं, "लांबच्या गावांतल्या ज्या बायकांचे दिवस भरत आलेत, त्यांना माझ्याकडे पाठवा. वेळ येईपर्यंत राहतील."

असं 'वाले नी तीना' सुरू झालं, म्हणजे आईचं घर. वर्षादोनवर्षांत त्याची रीतसर नोंदलेली संस्था झाली. हनीफभाईचं हार्डवेअरचं दुकान होतं, तो अध्यक्ष झाला, कारण छताचे पत्रे त्याने दिले होते. हिशेब माझ्याकडे आला. आणि अकनिसीचा मामेभाऊ आपिसाई, ज्याची होडी होती, तो कुठल्याच पदावर नसताना प्रत्येक बैठकीला येऊन बसायचा. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही त्यांच्यातली रीतच. ती रीत आपिसाईने आयुष्यभर मन लावून पाळली.

"बघा मास्टर," तो म्हणायचा, "हिला स्वयंपाक येत नाही म्हणून ही गरोदर बायका घरी आणते. त्यांना सगळंच ओकावंसं वाटतं, मग हिचं नाव खराब होत नाही."

"तू ये जेवायला," अकनिसी म्हणायची, "तुझं पोट बघून त्या तुला पहिला नंबर देतील."

पुढे संस्थेचं इंटरनेटवर पान उघडलं. फोटो टाकायचे, गाद्या हव्यात, पाण्याची टाकी हवी, असं लिहायचं. परदेशी गेलेली आपलीच माणसं ते वाचून मदत पाठवायची. पहिल्याच वर्षी एक वाईट प्रकार घडला. कुणीतरी अंगणातल्या बायकांचा एक फोटो टाकला. त्यातली एक जण नवऱ्याच्या मारापासून लपून आमच्याकडे राहिलेली होती. नवऱ्याने तो फोटो पाहिला आणि दोन दिवसांत तो दारात हजर. अकनिसी दारात आडवी उभी राहिली आणि पोलीस येईपर्यंत तिने त्याला हवापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवलं. तेव्हापासून तिचा नियम झाला: विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा पानावर जाणार नाही. बाळाचाही नाही. कामाला येणाऱ्या मुली कंटाळायच्या, पण ती हटायची नाही.

चेहऱ्याचं तिने एवढं पक्कं केलं. आवाजाचं काही तिच्या डोक्यात आलं नाही.

पुढे एका साली वादळात गावाची वीज गेली होती. दवाखाना भरलेला, म्हणून तावेउनीच्या एका मुलीला तिच्या अशक्त बाळासकट आमच्याकडे पाठवलं होतं. बाळ दूध घेईना, रडायचंही त्याला त्राण नव्हतं. त्याच वेळी नाइवीवी गावची वासीती नावाची म्हातारी आपल्या नातीसोबत राहायला आली होती. सगळ्या तिला बुबू म्हणायच्या, म्हणजे आजी. संध्याकाळी बुबूने ते बाळ उचललं, उघड्या छातीशी धरलं आणि गायला लागली. तारुसिला नावाची एक नर्स सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे फुकट काम करायला यायची. तिने तिथेच कोपऱ्यात मोबाइल धरला. कंदिलाचा उजेड, चेहरा कुणाचाच नाही, नुसती बुबूची पाठ आणि तो घोगरा, खोल आवाज. पहाटे बाळाने दूध ओढलं.

तारुसिलाने ते पानावर टाकलं. अकनिसीने बघितलं, चेहरा नाही म्हणून ठीक आहे म्हणाली.

आणि ते गाणं कुठल्या कुठे गेलं. सिडनीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या आमच्या बायका, वाळवंटातल्या कुठल्याशा तळावरचे आमचे शिपाई, सगळे लिहायला लागले. 'आज रडलो', 'आई आठवली'. त्यातून पाण्याची टाकी आली. आम्ही ते गाणं आणखी दोनदा टाकलं, एकदा आयांच्या दिवशी, एकदा नाताळात. पुढे तारुसिला नोकरीसाठी ऑकलंडला गेली.

मग एका सोमवारी पान उघडलं तर गाणं गायब. त्या जागी सूचना: या ध्वनिमुद्रणावर दुसऱ्याचा हक्क आहे, तुम्ही तो मोडला आहे. एकदा नव्हे, तीन वेळा. पान बंद करण्यात येत आहे. हरकत असेल तर कळवा.

हक्क कुणाचा? तर झोप आणणारं संगीत विकणारी एक परदेशी कंपनी होती. त्यांनी बुबूचा आवाज आमच्याच पानावरून उचलला होता, त्याखाली पियानो आणि लाटांचा आवाज घातला होता आणि आपल्या नावावर नोंदवून टाकला होता. आता त्यांचं यंत्र जिथे जिथे तो आवाज ऐकू येईल तिथे तिथे तक्रार करत होतं.

हनीफभाई बैठकीत लालबुंद होऊन आला. "चोर ते आणि नोटीस आम्हाला! अकनिसीबेन, तो हरकतीचा अर्ज भरा. सचिव तुम्ही आहात, तुमची सही लागते. आज पाठवला तर पान वाचेल. पुढच्या महिन्यात जनरेटरसाठी आवाहन करायचंय."

अकनिसीने चष्मा लावून अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. "यात लिहिलंय, मी शपथेवर सांगते की या गाण्याचे हक्क आमच्या संस्थेचे आहेत."

"मग? आहेतच की."

"कशावरून?"

"आपल्या घरात गायलं, आपल्या माणसाने टिपलं, आपल्या पानावर पहिल्यांदा आलं. अजून काय पाहिजे?"

मी सुचवलं की सुवाच्या वकीलबाईंना विचारू. प्रणीता नावाची ही मुलगी छोट्या संस्थांची कामं पैसे न घेता करायची. आम्ही फोन मध्ये ठेवून तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आंटी, तारुसिला तुमच्याकडे पगारावर होती?"

"नाही गं, सेवा म्हणून यायची."

"तिने काही लिहून दिलंय, की मी टिपलेलं सगळं संस्थेचं?"

"नाही."

"मग ते मुद्रण तिचं. पगारी माणसाचं काम संस्थेचं होतं, सेवेला येणाऱ्याचं आपोआप होत नाही. बरं, गाणाऱ्या आजींना विचारलं होतं?"

अकनिसी म्हणाली, "नाही."

"गायनावर त्यांचा हक्क. आणि गाणं कुणी रचलं? त्यांच्या कुळाचं असेल तर कायदा जुन्या गाण्यांच्या बाबतीत कच्चा आहे, पण तुमच्याकडे रीत काय आहे ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक."

"म्हणजे मुद्रण नर्सचं, आवाज म्हातारीचा, गाणं कुळाचं," आपिसाई मागून म्हणाला. "आपलं काय? मोबाइलचा चार्जर?"

कुणी हसलं नाही. हनीफभाईने हात जोडले. "मान्य! सगळं नंतर निस्तरू. पण खोटं तर ते बोलताहेत ना? आपण फक्त आपलं पान वाचवतोय. सही करा, मग हवं त्याची माफी मागू."

"हनीफभाई, त्यांनी आपल्याकडून उचललं, हे खरं," ती म्हणाली. "पण आपण कुणाकडून उचललं? या कागदावर मी सही केली तर त्या कंपनीत आणि माझ्यात फरक एवढाच की मी जवळ राहते."

तिने अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. पान त्या आठवड्यात बंद पडलं. हनीफभाई दोन बैठकांना आला नाही.

अकनिसीने आधी तारुसिलाला फोन लावला. ती पोर फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, माझं काही नको, ज्यांचं गाणं आहे त्यांच्या नावे सगळं लिहून देते. मग अकनिसीने बाजारातून, माफी मागायला जाताना पुढे ठेवतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची चांगली मोठी जुडी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, बाहेर घालायचा काळा सुलू नेसली आणि आम्ही आपिसाईच्या होडीतून नाइवीवीला निघालो. होडीत ती मधल्या फळीवर बसते, काठाला दोन्ही हातांनी धरून. आपिसाई एरवी लाटांवर होडी उडवतो. ती असली की सबंध खाडी तो मुंगीच्या पावलाने पार करतो, आणि त्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

गावाच्या सभाघरात चटयांवर पुरुष बसले होते. कुळातला वडीलधारा एमोसी मध्ये. अकनिसीने मुळ्यांची जुडी पुढे ठेवली, मान खाली घातली आणि बोलायला लागली. आल्याचं कारण सांगितलं. गाणं न विचारता टिपलं, न विचारता जगासमोर ठेवलं, तीनदा ठेवलं, आणि आता दुसऱ्यांनी ते आपलं म्हणून घेतलंय. सगळं सांगितलं. कंपनीवर तिने जोर दिला नाही, आमच्यावर दिला.

एमोसीने जुडीला हात लावला नाही. ती तिथेच पडून राहिली. म्हणजे माफी स्वीकारलेली नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"माझा नातू ब्रिस्बेनला आहे," तो शेवटी म्हणाला. "त्याने एका मालिशच्या दुकानात हे ऐकलं. गोऱ्या बायका तोंडावर काकडी ठेवून पडलेल्या आणि वर आमचं गाणं. त्याने मला फोन केला, आजोबा, इथे आपली मुलं का हाका मारताहेत?"

"मुलं?" अकनिसी म्हणाली.

"तुला शब्द कळले नाहीत?"

"मी कंदावूची. तुमची बोली मला अर्धीच कळते. मला वाटलं अंगाई आहे."

"पहिली दोन कडवी अंगाई. शेवटचं नाही." एमोसीचा आवाज खाली आला. "जुन्या साथीत या गावातली मुलं गेली. त्या कडव्यात त्यांची नावं आहेत. एखादं बाळ हातचं जायला लागलं तरच ती नावं घ्यायची. त्या मुलांना सांगायचं, हा तुमच्याकडे आला तर याला घेऊ नका, जागा नाही म्हणा, आईकडे परत पाठवा. एरवी ती नावं उठवायची नसतात. आणि आता ती रोज उठताहेत. कुणाच्या तरी झोपेसाठी."

अकनिसीने दोन्ही हात तोंडावर धरले. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या खांद्यांवरूनच मला कळलं. होडीतल्या त्या मुलाचं नाव ठेवायची वेळही तिला मिळाली नव्हती, हे मला नंतर आपिसाईने सांगितलं.

मग तिने हात खाली घेतले. "पान बंद झालंय. ते परत उघडलं तरी हे गाणं त्यावर येणार नाही, कुणी कितीही मागितलं तरी. जे बाहेर गेलंय ते सगळं परत आणीन असं म्हणू शकत नाही, खोटं होईल. पण त्या दुकानातून ते काढायला लावायचं काम माझं. त्यासाठी लागेल ते करीन. तुम्ही मला माफ करा किंवा करू नका, ते काम मी करणारच आहे."

तेवढ्यात बाजूच्या दारातून वासीती बुबू आत आली, रांगत नाही पण जवळजवळ तशीच, वाकून. पुरुषांच्या बैठकीत तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"मला कुणी विचारणार आहे का?" ती म्हणाली. "गायले मी. ते पोर मरत होतं म्हणून गायले. दुसऱ्या गावचं होतं, तरी आपल्या मुलांनी त्याला परत पाठवलं. एमोसी, तू माझ्यावर रागव, हिच्यावर काय रागवतोस? हिला तर शब्दही कळत नव्हते." मग अकनिसीकडे वळून, "आणि काय गं, त्या लोकांनी मागे पियानो लावलाय म्हणे? माझा आवाज म्हाताऱ्या कोंबडीसारखा आहे हे मला ठाऊक आहे, पण झाकायला पियानो?"

आधी आपिसाईच्या घशातून आवाज आला, मग कोपऱ्यातला एक जण फुटला, मग सगळे. एमोसी हसला नाही. पण आम्हाला राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डालोचे उकडलेले कंद आणि मासे खाऊन झाल्यावर, त्याने ती जुडी उचलली, मांडीवर घेतली आणि स्वीकारल्याचे शब्द उच्चारले. अकनिसीने रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम किचकट होतं आणि ते तिने केलं. प्रणीता सुवाहून बसने, बोटीने आली. बुबूचं म्हणणं लिहून शपथेवर घेतलं. तारुसिलाने मुद्रणाचे सगळे हक्क कुळाच्या नावे करून पाठवले. तक्रार संस्थेने नव्हे, कुळाने केली. कंपनीकडून यंत्राने लिहिलेली उत्तरं यायची: 'आपला निरोप मिळाला, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' अकनिसी प्रत्येक उत्तराला उत्तर द्यायची, जणू पलीकडे माणूस आहे. "कधीतरी एखादा माणूस उचलेलच," ती म्हणायची. शेवटी खरंच एका बाईने उचललं. तिने गाण्याचा अर्थ विचारला. अकनिसीने कळवला. त्यानंतर आठवडाभरात गाणं त्यांच्या यादीतून गेलं, आमच्यावरची तक्रार मागे घेतली गेली आणि दोन ओळींची क्षमा आली. नुकसानभरपाई वगैरे काही नाही. प्रणीताला लढायचं होतं, कुळाने नको म्हटलं. इकडेतिकडे कुणीतरी उतरवून ठेवलेलं गाणं अजून सापडतं, मग ती पुन्हा लिहायला बसते.

जनरेटर त्या वर्षी आला नाही. पान बंद, त्यामुळे मदत आटली. पण नाइवीवीच्या बायका आळीपाळीने यायला लागल्या, डालो, मासे, जळण घेऊन. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. हनीफभाईसुद्धा परत आला. दारात उभा राहून म्हणाला, "अकनिसीबेन, दुकानात एक जुना जनरेटर पडलाय, आवाज फार करतो."

"तुमच्यापेक्षा जास्त?" ती म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

एमोसीने एक परवानगी दिली, तीही तोंडी नाही, प्रणीताकडून लिहून: आईच्या घरात पहिली दोन कडवी गावीत, कुणीही गावीत, टिपू मात्र नयेत. शेवटचं कडवं हवं असेल तर होडी पाठवावी, बुबू येईल.

आता अकनिसी सत्तरीच्या पुढे आहे. नवं पान साधं आहे, त्यावर फोटो कमी आणि माणसं त्याहून कमी. पण या बेटावरच्या सगळ्या छोट्या संस्था तिला बोलावतात: प्रवाळ जपणारी मुलं, शिवणवर्ग चालवणाऱ्या बायका, लंबासाची अंधशाळा. ती जाते, चटईवर बसते आणि एकच गोष्ट विचारत राहते. हा फोटो कुणी काढला? हे चित्र कुणाचं? त्याला विचारलं का? लोक चेष्टा करतात, "अकनिसी आली, भिंतीवरचं कॅलेंडर झाका." ती त्यांच्याबरोबर हसते आणि मग तेच पुन्हा विचारते.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर कासवं वाचवणाऱ्या मंडळींकडे गेलो होतो. त्यांच्या सदऱ्यांवर, पाटीवर, पानावर एक सुंदर कासव आहे. ते कुणी काढलं, हे कुणालाच नीट सांगता येईना. तिने शोधून काढलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा सेरू म्हणून एक निवृत्त माणूस, तिथूनच चार घरं पलीकडे राहणारा. त्याला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. अकनिसीने त्याच्या ओसरीवर बसून कागद केला. कासव वापरायला त्याची ना नव्हती. पैसेही नको म्हणाला. फक्त एक अट घातली.

"निळं रंगवू नका," सेरू म्हणाला. "त्यांनी सदऱ्यावर निळं केलंय. कासव निळं असतं का? मी रस्त्याने तोंड फिरवून जातो."

"तसं लिहिते," अकनिसी म्हणाली, आणि तिने ते लिहिलं, मग त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.